दादाचं ६४०, मुक्ताचं ९

भावंडं सख्खी. एकाच आईच्या हातचं खाऊन वाढलेली, आणि आजही गणपतीनंतर, शिमग्याला, अधल्यामधल्या शनिवारी एकाच टेबलावर बसून पिणारी. भावाचं फेरिटिन ६४०, बहिणीचं ९. फेरिटिन म्हणजे शरीरात लोह साठवून ठेवणारं प्रथिन. त्याचा थोडा अंश रक्तात उतरतो आणि त्यावरून साठा किती असेल याचा अंदाज बांधतात. दारूने लोह वाढतं म्हणावं तर बहिणीचं का वाढलं नाही? घटतं म्हणावं तर भावाचं का घटलं नाही?

पुढच्या संवादातल्या दोघी माझ्या कल्पनेतल्या आहेत. वहिनी सावंतवाडीत पॅथॉलॉजी लॅब चालवते, वय ५२. नणंद मुक्ता ४४ वर्षांची, नोकरीला पणजीत. हे रिपोर्ट त्यांच्या नावावर मी टाकले असले तरी असे रिपोर्ट एकाच घरात सापडणं मुळीच दुर्मीळ नाही. मुक्ताची बाजू मला जास्त आवडते हे आधीच सांगून टाकते. ती बरोबर आहे म्हणून नव्हे, ती सहजासहजी ऐकत नाही म्हणून.

मुक्ता : वहिनी, दादा स्ट्राँग बिअर पितो, मी वाइन. काजूच्या हंगामात उर्राक दोघंही. त्याला तू म्हणालीस, लोह वाढलंय, दारू बंद कर. मला म्हणालीस, लोह कमी आहे, दारू बंद कर. आकडा वर गेला तरी दारू, खाली गेला तरी दारू. हे शास्त्र आहे की सासूबाई?

वहिनी : सासूबाई म्हणजे तुझीच आई, विसरू नकोस. आणि त्या काय करतायत ते बघ. मुलगा दमतो म्हणून त्याला रोज खजूर, बीट, वर लोहाचं टॉनिक. ज्याचं ६४० आहे त्याला टॉनिक, जिचं ९ आहे तिला कोरडा सल्ला.

मुक्ता : विषय बदलू नकोस.

वहिनी : बदलत नाही, तिथूनच सुरुवात करते. मीठ जास्त झालं तर मूत्रपिंडं ते बाहेर काढतात. लोहासाठी अशी सोयच नाही. कातडीच्या पेशी गळतात, आतड्याचं अस्तर झडतं, त्याबरोबर दिवसाला साधारण १ मिलिग्रॅम जातं, तेवढंच. त्यामुळे सगळा ताबा आत घेण्यावर ठेवावा लागतो, आणि तो ताबा आहे लिव्हरकडे. लिव्हर हेप्सिडिन नावाचं हॉर्मोन तयार करतं. ते सापडलं २००० च्या सुमारास, म्हणजे आम्ही शिकलो तेव्हा पुस्तकात नव्हतंच. साठा भरला की हेप्सिडिन वाढतं आणि आतड्यातून लोह रक्तात शिरायचं दार लागतं. दारू नेमकी तिथे ढवळाढवळ करते. उंदरांवरच्या प्रयोगांत ते स्वच्छ दिसलं, नियमित भरपूर पिणाऱ्या माणसांतही हेप्सिडिन कमी सापडतं. साठा भरलेला असला तरी दार उघडंच राहतं.

मुक्ता : दोघांचंही?

वहिनी : दोघांचंही. इथपर्यंत बाई-पुरुष असा काही फरक नाही.

मुक्ता : मग माझ्या दारातून आत आलेलं गेलं कुठे?

वहिनी : दर महिन्याला जातं तिथे. एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलीटर रक्त जातं. एक मिलिलीटर रक्तात जवळजवळ अर्धा मिलिग्रॅम लोह. म्हणजे महिन्याला १५ ते २० मिलिग्रॅम गेलं. रक्त ८० मिलिलीटरच्या वर जात असेल तर हिशेब दुपटीचा. तुझं किती जातं?

मुक्ता : कोण मोजतं?

वहिनी : पॅड किती वेळाने बदलावं लागतं? गाठी पडतात?

मुक्ता : दुसऱ्या दिवशी तासा-दीड तासाने. गाठीही पडतात. चार-पाच वर्षं झाली असतील. डॉक्टरांना विचारलं होतं, ते म्हणाले, चाळिशीनंतर होतं असं.

वहिनी : होतं. पण ‘होतं असं’ म्हणून सोडून द्यायचं नसतं. फायब्रॉइड आहे का, थायरॉइड कसा आहे, बघायला हवं. एखाद्या पुरुषाचं फेरिटिन ९ आलं तर रक्त कुठून जातंय ते शोधायला आम्ही त्याला वरून-खालून दुर्बिणीने तपासायला पाठवतो. बाईचं ९ आलं तर तिच्या हातात गोळ्या ठेवतो.

मुक्ता : हे तू म्हणालीस हां, मी नाही.

वहिनी : आणि मुळात साठाच लहान. पुरुषाच्या शरीरात साधारण १ ग्रॅम लोह राखीव असतं. पाळी येत असलेल्या बाईकडे ३०० मिलिग्रॅमच्या आसपास, आपल्याकडे तर बऱ्याच जणींकडे तेवढंही नाही. एका बाळंतपणाला एकूण १००० मिलिग्रॅमच्या आसपास लोह लागतं. म्हणून आयसीएमआरने २०२० मध्ये रोजची गरज ठरवली तेव्हा पुरुषाला १९ मिलिग्रॅम धरलं, बाईला २९. आता घरातल्या ताटांकडे बघ. माशाची मोठी तुकडी कोणाच्या ताटात पडते?

मुक्ता : माझ्या ताटात. मी माझं माझं वाढून घेते.

(हे उत्तर मला कापवेना. लोहाच्या कमतरतेवरचं आपल्याकडचं सगळं लेखन ‘बाई शेवटी जेवते’ या वाक्यावर येऊन थांबतं. ते खरंच आहे. पण मुक्ता शेवटी जेवत नाही, पगार स्वतः मिळवते, बांगडा हवा तेवढा खाते, आणि तरीही तिचं फेरिटिन ९ आहे. तिच्यासारख्या बाईचं काय, हे त्या लेखनात सापडत नाही.)

मुक्ता : बरं, आता माझा मुद्दा. दारूने दार उघडतं हे तूच सांगितलंस. मग माझ्यासारखीला ते बरंच नाही का? अमेरिकेतला अभ्यास वाचलाय मी. २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यांच्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणाच्या माहितीवर. अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा पिणाऱ्यांत लोहाच्या कमतरतेचा अ‍ॅनिमिया सुमारे ४० टक्के कमी. काय म्हणणं आहे?

वहिनी : अभ्यास खरा आहे, मीही वाचलाय. त्याच अभ्यासात पुढे काय आहे? दिवसाला दोन ड्रिंक्सच्या वर गेलेल्यांत लोह जास्त साठल्याच्या खुणा वाढलेल्या होत्या. शिवाय तो अभ्यास म्हणजे एका वेळी घेतलेली पाहणी. कोणाला दोन वर्षं वाइन पाजून मग रक्त तपासलं असं नाही. पिणारे काय खात होते, त्यांची मिळकत किती, अमेरिकेतल्या पिठात मिसळलेलं लोह त्यांच्या पोटात किती जात होतं, हे सगळं त्यात मिसळलेलं आहे. आणि तुझ्यापुरतं बोलायचं तर तुझं दार दारूशिवायच सताड उघडं आहे. साठा संपला की शरीर आपण होऊन हेप्सिडिन अगदी खाली आणतं. उघड्या दाराला वाइन आणखी काय उघडणार? उलट रेड वाइनमधली टॅनिन्स जेवणातल्या लोहाला धरून ठेवतात, चहा करतो तसंच.

मुक्ता : म्हणजे व्हाइट घेऊ?

वहिनी : मुक्ता.

मुक्ता : बरं, गोवा घे. एनएफएचएस-५, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, २०१९ ते २१. पंधरा वर्षांवरच्या बायकांत दारू पिणाऱ्या महाराष्ट्रात ०.४ टक्के, गोव्यात ५.५ टक्के. आणि पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांत अ‍ॅनिमिया महाराष्ट्रात ५४.२ टक्के, गोव्यात ३९. पुरुषांचं तसंच. पिणारे गोव्यात ३६.९ टक्के, महाराष्ट्रात १३.९, अ‍ॅनिमिया गोव्यात १२ टक्के, महाराष्ट्रात २१.९. बांद्याची हद्द ओलांडली की दारू वाढते आणि रक्तही वाढतं.

वहिनी : वजाबाकी कर. बायकांतल्या अ‍ॅनिमियाचा फरक १५ टक्क्यांचा. गोव्यात पिणाऱ्या बायका शंभरात पाच-सहा. या पाच-सहा जणींपैकी एकीलाही अ‍ॅनिमिया नाही असं धरलं तरी पंधराचा फरक भरून निघत नाही. उरलेल्या जणींचं रक्त कोणाच्या पिण्याने वाढलं? नवऱ्यांच्या?

मुक्ता : बाया सर्वेक्षणवाल्यांना खरं सांगतात असं धरलंयस तू.

वहिनी : तो मुद्दा मान्य. पण मग महाराष्ट्रातल्याही सांगत नसणार. आणि गोव्यात मासे आहेत, पैसा आहे, दवाखाने जवळ आहेत. दारू सोडून दहा कारणं सापडतील.

मुक्ता : आणि लोहासव? तुझ्या सासूबाईंनी प्रत्येक बाळंतपणानंतर घेतलंय. पांडुरोगावरचं औषध. आसव म्हणजे आंबवलेलंच ना? दारूच की.

वहिनी : त्यात आंबवल्याने थोडा अल्कोहोल आपोआप तयार होतो, खरं आहे. पण मात्रा चार-पाच चमचे, तीही पाणी घालून. आणि मुख्य म्हणजे लोहासवात लोह असतं. तुझ्या वाइनमध्ये ते नावापुरतं. लोह नि दारू खरोखर एकत्र पोटात गेले तर काय होतं त्याचं उदाहरण हवंय? दक्षिण आफ्रिकेत आहे.

तिथल्या खेड्यांत घरगुती बिअर लोखंडी भांड्यांत आणि पिंपांत आंबवली जायची. बिअर आंबट, त्यामुळे भांड्याचं लोखंड तिच्यात उतरायचं, लिटरमागे दोन आकडी मिलिग्रॅम. आणि ती प्यायचे लिटरच्या हिशेबात. दारू सौम्य, लोह मात्र रोजच्या गरजेच्या कितीतरी पट. जोहान्सबर्गमधल्या शवविच्छेदनांवरून १९२९ मध्ये या रोगाचं पहिलं वर्णन आलं. लिव्हर लोहाने भरलेलं, पुढे त्याचा सिरोसिस. त्यात पुरुष जास्त, कारण बैठक मारून पिणारे तेच. पाळी येणाऱ्या बायका बऱ्याच अंशी सुटायच्या. काही जणांची जनुकीय ठेवणही याला साथ देते असं पुढे दिसलं.

मुक्ता : थांब थांब. लोखंडाची कढई? तीच का, जिच्यात पालेभाजी शिजवा म्हणून शाळेपासून आम्हाला सांगतात?

वहिनी : तेच लोखंड. पाळी येणाऱ्या बाईला कढईतलं लोह औषध, आणि रोज लिटरभर बिअर पिणाऱ्या पुरुषाला तेच विष. भांडं बदलत नाही, पिणारा बदलतो.

(वहिनीच्या या शेवटच्या वाक्याला मी तिथे कात्री लावणार होते, फार घडीव वाटलं म्हणून. पण घरगुती सल्ल्यांचा गोंधळ नेमका इथे होतो. आपल्याकडे ‘रक्त वाढवायचं’ म्हणजे सगळ्यांचंच वाढवायचं. पन्नाशीच्या पुरुषाला थकवा आला की बीट, गूळ, खजूर, टॉनिक, आणि संध्याकाळी त्याचा पेग चालूच. त्याच्यात लोह कमी आहे की जास्त, हे कोणी तपासलेलं नसतं.)

मुक्ता : मग दादाचं ६४० म्हणजे आफ्रिकेतल्यासारखं? लिव्हर लोहाने भरलंय त्याचं?

वहिनी : नाही, आणि इथे लोक हमखास फसतात. ढोबळमानाने फेरिटिनच्या एका आकड्यामागे ८ मिलिग्रॅम साठा धरतात. ६४० गुणिले ८ म्हणजे पाच ग्रॅमच्या वर. पुरुषाच्या सबंध शरीरात, हिमोग्लोबिनसकट, लोह असतं चार ग्रॅमच्या आसपास. म्हणजे हा आकडा निव्वळ साठ्याचा असणं कठीण. लिव्हरच्या पेशींना इजा झाली, तिथे दाह झाला, तरी फेरिटिन रक्तात वाढतं. तुझ्या दादाची सोनोग्राफी फॅटी लिव्हर दाखवते, लिव्हरचं जीजीटी हे एन्झाइम वाढलेलं आहे, पण ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात लोह वाहणारं प्रथिन किती भरलंय ते, आहे ३६ टक्के. ते ४५ च्या वर असतं तर मी वेगळी काळजी केली असती. उत्तर युरोपातल्या लोकांत सापडणारा लोह साठण्याचा आनुवंशिक रोग आहे, त्याचं जनुक १९९६ मध्ये सापडलं. आपल्याकडे तो फारच क्वचित. दादाच्या आकड्यात थोडं लोह आहे, बरंच दुखावलेलं लिव्हर आहे, आणि त्या दोन्हींच्या मागे बिअर आहे. काही आठवडे पूर्ण बंद करून पुन्हा तपासलं की खरा आकडा कळेल. दारू सोडली की असं फेरिटिन उतरतं.

मुक्ता : तो म्हणतो, मी हार्ड घेतच नाही, फक्त बिअर.

वहिनी : ८ टक्क्यांची ६५० मिलिलीटरची बाटली म्हणजे ४१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीचा साठ मिलिलीटरचा लार्ज पेग म्हणजे २० ग्रॅम. एका बाटलीत दोन लार्ज.

मुक्ता : हे त्याच्या तोंडावर सांग एकदा. बरं, रक्तदान करायला लाव त्याला. लोह जाईल, पुण्यही मिळेल.

वहिनी : बाकी निकषांत बसला तर करू दे. ३५० मिलिलीटरच्या एका पिशवीतून दीडशे-पावणेदोनशे मिलिग्रॅम लोह निघतं. तिथेही नियम दोघांना वेगळा : पुरुषाला ९० दिवसांनी पुन्हा देता येतं, बाईला १२०. पण रक्त काढून बिअरचं काम भागत नाही. लिव्हरमधलं जादा लोह आणि दारू, दोघं मिळून तिथल्या पेशींना जास्त जाळतात.

मुक्ता : आता मला खरं जे बोलायचंय ते. पुरुषाला दिवसाला दोन, बाईला एक. अमेरिकन सरकारची शिफारस अशीच होती. हे आकडे मला नेहमी संस्कारवर्गातून आल्यासारखे वाटतात. बाईने कमी बोलावं, कमी खावं, कमी प्यावं. लोहाचं एवढं बोललो, त्यात तूच म्हणालीस की लोह साठण्याचा धोका बाईला कमी. मग मला दोन आणि दादाला एक असं का नाही?

वहिनी : फक्त लोह बघायचं असतं तर तू म्हणतेस तसंच आलं असतं. पण दारू शरीरातल्या पाण्यात पसरते, आणि पुरुषाच्या वजनात साधारण ६० टक्के पाणी असतं, बाईच्या ५० टक्के. दादा ७८ किलोचा, त्याच्यात ४७ लिटर पाणी. तू ५४ किलोची, तुझ्यात २७. दोघांनी तेच २० ग्रॅम घेतले तर तुझ्या रक्तातलं प्रमाण त्याच्या पावणेदोन पट.

मुक्ता : ते वजनाने झालं. बाई असल्याने नाही. दादा ५४ किलोचा असता तर?

वहिनी : तर वीस टक्क्यांचा फरक उरला असता, आणि तो बाई असल्याचा. त्यात पुन्हा दारूचा काही भाग जठरातच मोडला जातो, आणि ते करणारं एन्झाइम बायकांत कमी काम करतं असं १९९० मध्ये इटली नि अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं. या कारणाचा वाटा किती यावर नंतर वाद झाले. पण शेवट काय होतो यावर वाद नाही : कमी वर्षांत, कमी दारूवर बाईचं लिव्हर बिघडतं. पाळीने लोहाच्या बाजूला जे वाचतं ते लिव्हरच्या बाजूला जातं. आणि तुझ्या त्या ‘दोन की एक’वर जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सांगून टाकलं की सुरक्षित असं प्रमाणच नाही. कोणासाठीही.

मुक्ता : हे मात्र मला पटतं. निदान सगळ्यांना सारखं तरी आहे.

वहिनी : आता मी विचारते. तू फॉर्मवर ‘वीकएंडला वाइन’ लिहिलंस. खरं किती?

मुक्ता : का?

वहिनी : तुझं हिमोग्लोबिन १०.६ आहे. लोह कमी असलेल्या बाईच्या लाल पेशी लहान व्हायला हव्यात, सरासरी आकार, ज्याला आम्ही एमसीव्ही म्हणतो, ८० च्या खाली यायला हवा. तुझा ८४, म्हणजे नॉर्मल. पण पेशींच्या आकारातली तफावत सांगणारा आरडीडब्ल्यू १८ आहे, तो जास्त. म्हणून मी स्लाइड स्वतः पाहिली. एकीकडे लहान फिक्या पेशी, त्या लोहाच्या. दुसरीकडे नेहमीपेक्षा मोठ्या पेशी. रोजच्या दारूने लाल पेशी मोठ्या होतात, कधी थेट, कधी फोलेट कमी पडल्याने. लहान नि मोठ्यांची सरासरी काढली की नॉर्मल येते. वीकएंडच्या दोन ग्लासांनी एवढं होत नाही.

मुक्ता : ...बाटली दोन दिवस पुरते.

वहिनी : रोज?

मुक्ता : बहुतेक रोज. ऑफिसातून आल्यावर.

वहिनी : ७५० मिलिलीटरच्या बाटलीत ७४ ग्रॅम. म्हणजे दिवसाला ३७. तुझ्या त्या अमेरिकन अभ्यासातले दोन ड्रिंक्स म्हणजे २८.

मुक्ता : कळलं. पण मी खोटं का लिहिलं ते तू विचारलं नाहीस. दादाच्या फॉर्मवर ‘दारू’ समोर ‘कधीतरी’ लिहिलं, तुझ्या माणसाने मान डोलावली. माझ्या वेळी त्याने विचारलंच नाही, स्वतःच ‘नाही’ लिहायला घेतलं. मी ‘वीकएंडला’ म्हटलं तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की त्याच्यापुढे ‘रोज’ कोण लिहील? बाई दारू पीत असेल असं कोणाच्या मनातच येत नाही, मग तिच्या स्लाइडवरच्या मोठ्या पेशी कोण बघणार? एमसीव्ही ८४, नॉर्मल, जा घरी.

वहिनी : हो. दुसऱ्या एखाद्या ठिकाणी गेली असतीस तर तसंच झालं असतं.

मुक्ता : आणि आणखी एक. तीन वर्षांपूर्वी ऑफिसच्या तपासणीत माझं फेरिटिन १२ होतं. समोर छापलेलं : बायकांसाठी १० ते १२०. त्यामुळे त्याच्याखाली रेघ नाही, ठळक अक्षर नाही. मी नॉर्मल. पुरुषांसाठी ३० पासून. बायकांचा खालचा आकडा १० कुठून आला? अ‍ॅनिमिया असलेल्या बायकांना मोजून?

वहिनी : जवळजवळ तसंच. निरोगी दिसणाऱ्या बायका घेऊन त्यांची रेंज काढली, आणि त्यातल्या कितीतरी जणींचा साठा आधीच रिकामा होता. जागतिक आरोग्य संघटना १५ च्या खाली कमतरता मानते. आज बरेच डॉक्टर ३० च्या खालीच उपचाराचा विचार करतात.

मुक्ता : तुझ्या लॅबच्या कागदावर काय छापलंय?

वहिनी : किटबरोबर कंपनीची रेंज येते. तीच छापते मी. १० ते १२०.

(वाद संपला तर इथे संपायला हवा होता, असं मला वाटतं. बाईच्या शरीराबद्दल वहिनीने सांगितलेलं सगळं खरं आहे, आणि तरी त्या शरीरासाठी छापलेल्या आकड्याबद्दल मुक्ताच बरोबर आहे. पिणाऱ्या पुरुषाचा ४०० च्या वरचा आकडा कागदावर ठळक होतो. पाळीने रिकाम्या झालेल्या बाईचा १२ हा साध्या अक्षरात राहतो, आणि ती संध्याकाळी थकवा घालवायला ग्लास भरते.)

मुक्ता : आता पुढचं सांग. माझी पाळी थांबल्यावर काय होईल?

वहिनी : माझी दोन वर्षांपूर्वी थांबली. तेव्हा फेरिटिन २२ होतं, आता ९०. खाणं तेच, फक्त जाणं थांबलं. लोह साठण्याचा तो आनुवंशिक रोगही बायकांत पुरुषांपेक्षा साधारण दहा वर्षं उशिरा दिसतो, त्याचं कारण हेच. तू आजच्यासारखीच पीत राहिलीस तर पंचावन्नाव्या वर्षी तुझा रिपोर्ट दादाच्या आजच्या रिपोर्टसारखा दिसेल. तेव्हा आई म्हणतील, मुक्ताचं रक्त वाढलं, तब्येत सुधारली. लिव्हर मात्र त्याच्याआधी थकलेलं असेल, पाण्याचा हिशेब तोच राहणार आहे.

मुक्ता : म्हणजे आत्ता दारूने माझं लोह वाढत नाही, आणि वाढेल तेव्हा ते नको असेल.

वहिनी : असंच.

मुक्ता : काय करू?

वहिनी : आधी सोनोग्राफी नि थायरॉइड. रक्त जातंय ते थांबल्याशिवाय नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. फोलेट आणि बी-ट्वेल्व्ह तपासू, लिव्हरचे आकडे बघू. डॉक्टर लोहाच्या गोळ्या देतील. रोज न घेता एक दिवसाआड घेतल्या तर चालतील का ते त्यांना विचार. गोळी घेतली की दिवसभर हेप्सिडिन वाढलेलं राहतं, त्यामुळे एक दिवस सोडला तर प्रत्येक गोळीतलं जास्त अंगी लागतं, असं स्वित्झर्लंडमधल्या अभ्यासांत दिसलंय. चहा दोन तास लांब. आणि वाइन दोन महिने बंद, म्हणजे स्लाइडवर पुढच्या वेळी मला एकाच आकाराची भानगड दिसेल. पण एकदम जड गेलं, हात थरथरले, झोप उडाली तर लपवू नकोस, लगेच फोन कर. रोजची दारू झटक्यात तोडताना ते होऊ शकतं.

मुक्ता : दादालाही हेच सांगितलंस?

वहिनी : सांगितलंय. तो म्हणतो, रिपोर्ट चुकला असेल, दुसऱ्या लॅबमध्ये करतो.

मुक्ता : बायकोच्या लॅबवर विश्वास नाही?

वहिनी : बायकोच्या लॅबमध्ये ‘कधीतरी’ लिहून चालत नाही, म्हणून. तू उद्या येशील तेव्हा तुझा फॉर्म मी भरते, मशिनवाला पोरगा नाही. आणि ती रेंज मी बदलून घेते, कंपनीला काय वाटायचं ते वाटू दे.

मुक्ता : दादाचाही फॉर्म तूच भर. ‘दारू’ समोर लिही : स्ट्राँग, ६५०, आठवड्याला नऊ-दहा. त्याला विचारू नकोस, मी शनिवारी समोर बसलेली असते.